तिमजली घरातली पहाटेची ठोकाठोक

वूस्टर, ५ जानेवारी १९८४
(एक प्रत जिन्याच्या भिंतीवर, एक तिकीट लावून टपालाने तिसऱ्या मजल्यावर)

या घराच्या तिन्ही मजल्यांवर राहणाऱ्या आणि पहाटे अंथरुणात दचकून उठून बसणाऱ्या रहिवाशांनो,

ऑक्टोबरात बॉयलर पेटला तेव्हापासून आपण सगळे एकच दुःख भोगतो आहोत. पहाट झाली की भिंतीतला वाफेचा पाइप कोणी हातोड्याने बडवावा तसा वाजतो. नाताळापासून त्यात भर पडली. तळघरातला बॉयलर धडधडत सुरू होतो, आपण पांघरूण बाजूला सारेपर्यंत बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. तेल जळतं आहे आणि रेडिएटर कोमट आहेत. बाहेर बर्फ पोर्चच्या कठड्याला लागला असताना आपण घरात कोट घालून सूप पितो आहोत.

तारेच्या गिरणीत मी आयुष्य काढलं आणि युनियनच्या सभांत खोक्यावर उभी राहून भल्याभल्यांना जाब विचारला. त्या अनुभवावरून सांगते. बॉयलर बंद पडणं हे दुखणं आहे. ठोकाठोक हे कृत्य आहे, आणि कृत्य कोणीतरी करत असतं.

रेडिएटरवर चमचा वाजवून एकमेकांना बोलावण्याची या घरातली जुनी रीत. दोन ठोके म्हणजे कॉफी झाली आहे, खाली ये. माझी बहीण ओना मे महिन्यात गेली आणि वरचा चमचा थांबला. आता त्याच पाइपावर हातोडा चालतो. दुसऱ्या मजल्यावरची आपली भाडेकरू नोरीन पहाटे इस्पितळात रात्रपाळीवर असते. पहिल्या मजल्यावर मी झोपलेली असते. उरलेल्या मजल्यावर माझे भावोजी राहतात आणि त्यांच्याकडे अकरा हातोडे आहेत. मी कोणाचं नाव घेत नाही.

अपोलोनिया गुदास, पहिला मजला

७ जानेवारी

पोला,

तुझं पत्र खालच्या पेटीतून पोस्टात गेलं, सगळं गाव फिरलं आणि त्याच पोर्चवर परत आलं. दोन जिने चढली असतीस तर तिकीट वाचलं असतं. पण आपण बोलत नाही, हे मला मान्य आहे.

मी साचे बनवणारा सुतार. हातोडा उचलतो तेव्हा त्याला काम असतं. आवाज खालून वर येतो आणि खाली तू राहतेस. तुझ्याकडे ती काळी लोखंडी कढई आहे. ओना गेल्यापासून मी तुझ्याकडे जेवायला येत नाही, नाताळच्या आदल्या संध्याकाळीही आलो नाही, म्हणून तू पहाटे पाइप बडवून सूड घेते आहेस, हे मी केव्हाच ओळखलं आहे. हेरिंग माशाची तीन ताटं आणि समोर ओनाची रिकामी खुर्ची, मला नको होतं ते.

आता कामाचं. माझा पोरगा रिमास मला फ्लोरिडाला बोलावतो आहे. माझा घरातला अर्धा वाटा घ्यायला एक माणूस तयार आहे. तो तिन्ही मजले रिकामे मागतो, त्यामुळे तुलाही विकावं लागेल. मेणबत्त्यांच्या सणाला, दोन फेब्रुवारीला, वकिलाकडे सही करायची आहे. तोवर ही ठोकाठोक थांबली तर मी राहीन. नाही थांबली तर जाईन. या वयात मला पहाटेची झोप हवी, एवढंच.

प्रानास नोरकुस

१२ जानेवारी
(दोन्ही दारांखालून सरकवलेलं)

पोलाबाई आणि प्रानासकाका,

मी तिकीट लावत नाही, माझी चप्पल दोन्ही दारांपर्यंत पोचते.

तुम्हां दोघांना वाटतं की ठोकाठोक पहाटेच होते. दिवसा पोलाबाईंकडे रेडिओ चालू असतो आणि काकांकडे करवत, म्हणून. मी दिवसा झोपते. बॉयलर जितक्या वेळा पेटतो तितक्या वेळा पाइप वाजतो, आणि हल्ली तो सारखाच पेटतो.

परवा फादर बाल्त्रुस घरांना आशीर्वाद द्यायला आले तेव्हा काय झालं ते लिहून ठेवते, कारण तुम्ही दोघं ते कबूल करणार नाही. फादर माझ्या स्वयंपाकघरात उभे होते. उजवीकडे पोलाबाई, हातात मेणबत्ती, तोंड खिडकीकडे. डावीकडे काका, हातात टोपी, तोंड फ्रिजकडे. फादरनी तीर्थ शिंपडायला हात उचलला आणि पाइपात असा दणका बसला की तीर्थाचं भांडं माझ्या कोबीच्या सूपमध्ये पडलं. फादर म्हणाले, "याला आशीर्वाद नको आहे की जास्त हवा आहे, कोण जाणे."

तेव्हा पोलाबाईंनी काकांच्या हातांकडे बघितलं आणि काकांनी पोलाबाईंच्या. ना हातोडा, ना कढई. तुमच्या चेहऱ्यांवर जे दिसलं ते मला इस्पितळात निदान चुकलेल्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसतं.

म्हणजे पाइप आपोआप वाजतो. कृपा करून दोघांपैकी कोणीतरी तळघरात जा. सूप मी प्यायले, चांगलं होतं.

नोरीन टिअर्नी

१४ जानेवारी

प्रानास भावोजींस,

हातोड्याचा आरोप मी मागे घेत नाही, तहकूब करते. कढईबद्दल तुम्ही काय करायचं ते तुमच्या सदसद्विवेकावर सोडते, तो जागा असेल तर.

मी सरळ सार्वजनिक वाचनालयात गेले. समाजवादावर जितकी पुस्तकं आहेत त्याहून अधिक वाफेवर आहेत, आणि भांडणं दोन्हीकडे सारखीच. काल रात्रीपर्यंत एकाची पहिली दोन प्रकरणं वाचून झाली. आपली व्यवस्था साधी आहे. बॉयलर पाणी उकळतो, वाफ पाइपातून वर चढते, रेडिएटरमध्ये गार होते, तिचं पाणी होतं आणि ते त्याच पाइपातून खाली येतं. जाणारी वाफ आणि येणारं पाणी यांना एकच रस्ता. आपल्या जिन्यासारखा. दोघांनी एकमेकांना वाट दिली तर भांडण नाही.

आता निदान. वाफ वर पोचत नाही कारण तिच्यात जोर नाही. बॉयलरच्या डोक्यावर दाब ठरवणारी करड्या रंगाची एक डबी आहे, तिच्यात स्क्रू आहे. आयुष्यभर मी एकच गोष्ट शिकले आणि शिकवली. वरच्यांकडून काही मिळवायचं असेल तर खालून दाब वाढवावा लागतो. मी स्क्रू जाईल तितका फिरवला आहे. तिसऱ्या मजल्यावर परिणाम दिसला की कळवा.

फ्लोरिडाला खुशाल जा. तिथे म्हणे बर्फ पडत नाही, जिने नाहीत, शेजारी गोड बोलतात. तुम्हांला तक्रार करायला काही उरणार नाही आणि तक्रारीवाचून तुम्ही एक उन्हाळा काढाल असं मला वाटत नाही. माझी काळजी करू नका. मी नोरीनसारखी कुठेतरी भाड्याने राहीन. या घरात मी जन्मले, हा काही मुद्दा नव्हे.

पोला

१९ जानेवारी

पोला,

परिणाम दिसला. बैठकीच्या रेडिएटरची तोटी चुळा भरते आहे. पडदा भिजला, भिंतीचा कागद सुटला. ठोके पूर्वी हातोड्याचे होते, आता घणाचे आहेत. आणि बॉयलर आधीपेक्षा लवकर बंद पडतो. बॉयलर म्हणजे गिरणीचा मालक नव्हे. त्याला धमकावून चालत नाही.

तू वाचनालयात गेलेली पाहून मी तळघरात उतरलो. पहिलं काम, तुझा स्क्रू उलटा फिरवून दाब तळाला आणला. वाफेला जोर लागत नाही, वाट लागते. हे मला पुस्तकाशिवाय माहीत होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

मग दिवा वर केला. सगळे पाइप चंदेरी. झळाळी अशी की चर्चमधली चांदीची भांडी झक मारतील. आता कळलं. फादर बाल्त्रुस दरवर्षी तळघरातही उतरतात. त्यांच्या स्वतःच्या निवासातला बॉयलर एकदा फुटला, तेव्हापासून ते गावातल्या एकेका बॉयलरवर तीर्थ शिंपडतात. आणि तू, जी चर्चमध्ये फक्त कोणाला पोचवायला जातेस, तू पाद्र्याला दाखवायला नाताळाआधी तळघर रंगवलंस.

रंगव. पण मोठ्या पाइपाच्या टोकाला अंगठ्याएवढी पितळी तोटी आहे, तिच्या डोक्यावर सुईएवढं भोक आहे. वाफ यायच्या आधी पाइपातली हवा तिथून बाहेर पडते. तू ते भोकही रंगवलंस. दोन हात दिलेस, मन लावून. हवा अडकली, दाब चढला, डबीला वाटलं काम झालं, बॉयलर बंद. दाब उतरला, बॉयलर चालू. नाताळापासून तो बिचारा हेच करतो आहे.

मी तोटी बदलली. आज सकाळी बॉयलर एका दमात चालला आणि तुझ्या मजल्यापासून माझ्यापर्यंत सगळे रेडिएटर तापले. ते काम झालं.

पण ठोका तसाच आहे. वकिलाकडची तारीखही तशीच आहे.

प्रानास

२३ जानेवारी

प्रानास भावोजींस,

रंगाबद्दल. फादर आमच्या शत्रुपक्षाचे असले तरी ऐंशीच्या घरात आहेत आणि काठी टेकत तळघरात उतरतात. त्यांच्या पायाखाली कोळिष्टकं आणि डोक्यावर गंज असावा, हे मला पटत नाही. शिवाय दरवर्षी ओना ते तळघर झाडायची. यंदा कोणीतरी झाडायला हवं होतं. मी झाडलं आणि मग हातात ब्रश होता. तोटीचं भोक दिसलं नाही, कारण माझा चष्मा वर नोरीनकडे होता. विषय संपला.

तोटी बदलल्याबद्दल काही लिहायचं असतं, ते लिहिलं असं समजा.

आता तुमच्याबद्दल. मी पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणापर्यंत पोचले आहे. ठोका कशाने येतो हे तिथे चित्र काढून दाखवलं आहे. रेडिएटरमधलं पाणी पाइपाकडे परत वाहायला हवं. त्यासाठी रेडिएटर किंचित कललेला हवा. पाइपाकडचं टोक खाली, पलीकडचं वर. तो तसा नसला की पाणी आत साचून राहतं. पुढची वाफ वेगाने येते, त्या पाण्याला उचलते आणि लोखंडावर आपटते. हाच तुमचा हातोडा आणि हीच माझी कढई.

हे वाचून मी नोरीनकडे गेले. पातळी बघायची तुमची एक पाणसळ तिच्याकडे पडून होती, तस्विरी टांगताना दिलेली. ती आम्ही स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर ठेवली. बुडबुडा मधोमध. झोपायच्या खोलीत ठेवली, मधोमध. मग माझ्याकडे. सगळीकडे मधोमध, जणू शिपायांची रांग. नोरीन म्हणाली, "असं आपोआप होत नाही, हे कोणीतरी प्रेमाने केलंय."

तेव्हा मला सप्टेंबर आठवला. तुम्ही खिसाभर लाकडाच्या चकत्या घेऊन आमच्या घरांतून गुडघ्यांवर रांगत होतात. मला वाटलं, माणूस दुःखात आहे, रांगू दे.

भावोजी, पूर्ण समता मी हयातभर मागितली. खोक्यावर उभी राहून मागितली. रेडिएटरच्या बाबतीत ती चालत नाही असं हे पुस्तक म्हणतं, आणि मला दोन दिवस पुस्तकाचा राग आला. पण ते बरोबर आहे. खुलासा करा.

पोला

२८ जानेवारी

पोला,

खुलासा असा की होय, मी केलं.

मी बत्तीस वर्षं साचे केले. केसभर तिरकं काम माझ्या हातून गेलं नाही. आणि घरात मात्र सगळे रेडिएटर वेडेवाकडे, एक खांदा पाडून बसलेले. मला वाटायचं, तुमच्या वडिलांनी घाईत बसवले. ते मुद्दाम तसे असतील हे डोक्यात आलं नाही. पाइपाचं काम करणाऱ्यांना मी नेहमी अर्धा सुतार समजत आलो.

परवा तुझ्याकडचे आणि नोरीनकडचे सगळे परत कलते केले. तुझ्या स्वयंपाकघरात मी गुडघ्यांवर होतो तेव्हा तू नोरीनशी बोलत होतीस आणि मी रेडिएटरशी. "त्यांना सांग, कुगेलिस भट्टीत आहे, करपायच्या आत उठा," असं तू तिला म्हणालीस. तिने सांगितलं. मी दोनदा घेतला. बटाटा जरा जाड किसलेला होता.

माझ्याकडचेही केले. एक सोडून. झोपायच्या खोलीतला मी कलता करणार नाही.

कारण लिहितो, मग पुन्हा विचारू नकोस. तो सगळ्यात तिरका होता. लग्न होऊन या घरात आलो तेव्हापासून ओना म्हणायची, प्रानास, तू लोकांचे साचे सरळ करतोस, माझा रेडिएटर कधी सरळ करशील. दर हिवाळ्यात म्हणायची. मी म्हणायचो, येत्या रविवारी. रविवारी मी पॅरिशच्या क्लबात पत्ते खेळायला जायचो. इतकी वर्षं गेली आणि मी ते केलं नाही. ती गेल्यावर पहिलं काम तेच केलं. बाकीचे नंतर केले, हातात पाणसळ होती म्हणून. तुझ्या ब्रशसारखं.

आता सगळं घर गप्प आहे. पहाटे तेवढा तो एक वाजतो, माझ्या उशापाशी. तुम्हांला खाली ऐकू येत असेल तर माफ करा, पाच दिवसांचा प्रश्न आहे. तिच्यासाठी जे एक काम केलं ते मी माझ्या हाताने मोडणार नाही. आणि त्या आवाजात मी झोपूही शकत नाही. म्हणून गुरुवारी सही.

रिमासने तिकीट पाठवलं आहे.

प्रानास

३० जानेवारी

प्रानास भावोजींस,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. पहिल्यात फार ओरडले होते. दुसऱ्यात रडले होते, ते मला शोभलं नाही. तिसऱ्यात पुस्तकातले उतारे होते. हे चौथं.

तुमच्या झोपायच्या खोलीतला रेडिएटर ओनाच्या मनात काय होता हे तुम्हांला माहीत आहे असं तुम्हांला वाटतं. मला जे माहीत आहे ते मी तिला दिलेल्या शब्दामुळे कधी सांगितलं नाही. तो शब्द आज मोडते. तिने रागवायचं असेल तर माझ्यावर रागवावं.

रिमास शाळेत होता त्या वर्षी तुमच्याकडची झडप गळत होती. तुम्ही कामावर होतात. पाइपवाला आला, त्याने झडप बदलली आणि जाता जाता म्हणाला, बाई, हा फारच कललेला आहे, एवढा नको, थोडा सरळ करून देतो, वेगळे पैसे नकोत. मी तिथेच होते, बटाटे सोलत. ओना त्याला नको म्हणाली. तो गेल्यावर मी विचारलं, अगं, तू तर वर्षानुवर्षं याच्यासाठी नवऱ्याच्या मागे लागली आहेस. तेव्हा ती हसली. कशी हसली ते तुम्हांला माहीत आहे, तोंडावर हात ठेवून.

"तो सरळ झाला तर रविवारी मी त्याला घरी कशासाठी थांबवू?" ती म्हणाली.

भावोजी, तिला रेडिएटर सरळ नको होता. तिला तुम्ही हवे होतात, रविवारी, खोलीत, हातात पाणसळ घेऊन, कुरकुरत. त्या तिरक्या लोखंडावर ती हिवाळाभर तुमचे मोजे वाळवायची आणि पाच मिनिटांनी त्याच्याच नावाने तुम्हांला बोल लावायची. ते तिचं गाऱ्हाणं नव्हतं, ते आमंत्रण होतं. तुम्ही ते इतकी वर्षं तक्रार म्हणून ऐकलंत आणि ती गेल्यावर तिची तक्रार मिटवलीत. मी तुम्हांला दोष देत नाही. मी स्वतः आयुष्यभर माणसांना मागण्या शिकवल्या, पण जी बाई काहीच न मागता मागत होती ती माझ्या घरात होती आणि मलाही ते पाइपवाला येईपर्यंत कळलं नाही.

आता एक कठोर गोष्ट, कारण ती बोलल्याशिवाय मला राहवत नाही. सगळे रेडिएटर गप्प करून तुम्ही एकच वाजता ठेवलात, आणि मग म्हणता की आवाजामुळे जातो. तो आवाज तुम्ही जाण्यासाठी राखून ठेवला आहे. कारण उशापाशी काही वाजलं नाही तर त्या खोलीत किती शांतता असेल याची तुम्हांला भीती वाटते. मला ती खालच्या मजल्यावर वाटते. मेपासून वाटते. तुम्ही पाइप बडवता आहात असं मी तीन महिने मानलं, कारण वर कोणीतरी माझ्यावर रागावलेलं आहे हे मानणं, वर कोणीच बोलत नाही हे मानण्यापेक्षा सोपं होतं.

फ्लोरिडात रेडिएटर नाहीत. तिथे ओनाच्या नावाने वाजायला काही नाही आणि गप्प बसायलाही काही नाही. इथे दोन मजल्यांवर दोन माणसं आहेत ज्यांना तिचा आवाज आठवतो. घर विकलं की ती दोघं दोन ठिकाणी एकेकटी बसून तो आठवतील. नोरीन विचारत होती, काका गेले तर तुमच्याशी रोज भांडायला कोण राहील. मी म्हटलं, तू शिक. ती म्हणाली तिला वेळ नाही.

मी तुम्हांला थांबा म्हणून विनवत नाही. खोक्यावर उभं राहून मी कधी विनवणी केली नाही आणि आता गुडघे तसेही साथ देत नाहीत. सहीबद्दल, वकिलाबद्दल, रिमासच्या तिकिटाबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते सगळं नंतर बघा. मी एकच काम सांगते आहे आणि ते तुमच्याइतकं नीट या घरात कोणाला जमत नाही.

हे पत्र बुधवारी दुपारी तुमच्या हाती पडेल. बॉयलर तेव्हा थंड असेल, मी खालून बंद ठेवला आहे. कोट घाला, झोपायच्या खोलीत जा आणि रेडिएटरच्या खिडकीकडच्या, पाइपापासून लांबच्या पायाखाली दोन चकत्या सरकवा.

पोला